हायब्रिड मोटारीची वाढीव बॅटरी

हायब्रिड मोटारीत पेट्रोलचे इंजिन असते आणि विजेची मोटरही. ब्रेक लावताना एरवी उष्णता होऊन वाया जाणारी गती इथे वीज बनून बॅटरीत साठते आणि गाडी पुन्हा हलताना कामी येते. साध्या हायब्रिडला बाहेरून वीज देता येत नाही. तिच्या बॅटरीतली वीज शेवटी टाकीतल्या पेट्रोलातूनच आलेली असते. मायलेज वाढवण्यासाठी होणाऱ्या फेरफारांचे मूळ इथेच आहे: पेट्रोलऐवजी घरच्या प्लगमधली वीज गाडीला द्यायची.

2003 मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रिअसमध्ये 168 सेलची, 201.6 व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी होती. तिची क्षमता सुमारे 1.3 युनिट, विजेच्या बिलावर असते तेच हे युनिट. गाडीचा संगणक तिला साधारण 40 ते 80 टक्क्यांच्या दरम्यानच खेळवतो. ती तळाला जात नाही, काठोकाठ भरतही नाही, म्हणून वर्षानुवर्षे टिकते. वापरायला मात्र जेमतेम अर्धे युनिट उरते. तेवढ्यावर गाडी दोन-तीन किलोमीटर जाईल.

2004 मध्ये कॅलिफोर्नियातील कॅलकार्स या गटाने, रॉन ग्रेम्बन यांच्या पुढाकाराने, अशा एका प्रिअसमध्ये शिसे-आम्ल बॅटऱ्या बसवून ती प्लगवर चार्ज होईल अशी केली. नुसती बॅटरी वाढवून हे साधत नाही. मूळ संगणक आत-बाहेर जाणारा विद्युतप्रवाह मोजून चार्ज किती उरला ते ठरवतो आणि चार्ज उतरला की इंजिन चालू करतो. म्हणून नव्या जोडणीतले सर्किट त्याला बॅटरी भरलेलीच असल्याचे कळवत राहते. मग संगणक मोटरला पुढे करतो आणि इंजिनाला शक्य तेवढे मागे ठेवतो.

शक्य तेवढेच, कारण ताशी सुमारे 68 किलोमीटरच्या पुढे या गाडीत इंजिन फिरवावेच लागते. तिच्या गिअररचनेत इंजिन थांबलेले असताना एक मोटर-जनित्र गाडीच्या वेगाबरोबर जोरात फिरते. त्याला ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ देता येत नाही. शिवाय धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवण्यासाठीही इंजिन सुरू होते. त्यामुळे खरा फायदा शहरातल्या कमी वेगाच्या, छोट्या फेऱ्यांत.

पुढे तयार किट आले. त्यांपैकी एक 5 युनिटांचे लिथियम किट स्पेअर चाकाच्या जागी बसे. वजन सुमारे 85 किलो, किंमत बसवणुकीसह 10,000 डॉलरच्या आसपास. एका चार्जमागे पेट्रोल वाचे साधारण दीड लिटर. विजेचा खर्च वजा करून, गॅलनला चार डॉलर भाव धरला, तरी रोज चार्ज करून पैसे वसूल व्हायला वीसहून अधिक वर्षे लागली असती. खनिज तेल कमी जाळणे हे मोलाचे काम आहे. ते खिशाच्या बचतीच्या नावाखाली खपवणे मात्र योग्य नव्हे.

धोका विजेचा आहे आणि तो जिवावर बेतणारा आहे. भगव्या रंगाच्या केबलमध्ये दोनशे व्होल्टचा एकदिश प्रवाह असतो. बॅटरीचे सर्किट तोडणारा सर्व्हिस प्लग काढल्यावरही कपॅसिटर रिकामे होईपर्यंत काही मिनिटे थांबावे लागते. इन्सुलेटेड हातमोजे लागतात ते वेगळेच. 2008 मध्ये दक्षिण कॅरोलायनात असा फेरफार केलेली एक प्रिअस रस्त्यावर पेटली. तपासात बोट दाखवले गेले ते बॅटरीतल्या बोल्टने आवळलेल्या जोडांकडे: ते नीट बसवलेले नव्हते. सैल जोडाचा रोध वाढतो, जोड तापतो, शेजारचे सेलही तापतात. म्हणून जोडणीत बोल्ट योग्य ताणाने आवळण्याला मोठे महत्त्व आहे.

भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीतल्या अशा बदलांवर बंधन घालते. हायब्रिड किटला पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मान्यता लागते.

2012 मध्ये टोयोटाने प्लग-इन प्रिअस कारखान्यातूनच बाजारात आणली. तिच्यात 4.4 युनिटांची लिथियम बॅटरी होती आणि इंजिन न फिरवता ती ताशी सुमारे 100 किलोमीटरपर्यंत धावू शके. त्यासाठी संगणकाला फसवावे लागत नव्हते.