पुढारी फिरतो, गाणं राहतं

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आपलं कलापथक गावात गेलं की कुणीतरी शहाणा पुढं येतो आणि सांगतो, ‘भजन म्हणा, पोवाडा म्हणा, पण राजकारण नको. ते पुढाऱ्यांचं काम.’ आपल्यातल्याही काहींना हे पटतं. म्हणून आज त्यावरच बोलायचं ठरवलंय. राजकारण ज्यांच्या हवाली करायचं म्हणता, ते आपल्या शब्दाला किती धरून असतात, हे आधी बघू.

२०१४ च्या जाहीरनाम्यात भारतीय जनता पक्षानं उत्पादन खर्चावर ५० टक्के नफ्याचं वचन दिलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याच पक्षाच्या केंद्र सरकारनं सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं, की असा भाव दिला तर बाजार बिघडेल. २०१८ च्या अर्थसंकल्पात पुन्हा दीडपट भाव जाहीर! पण खर्च धरताना आपल्या स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याज हिशेबातून गाळलं.

आता पलीकडचा बाक बघा. काँग्रेसनं २०१९ च्या जाहीरनाम्यात बाजार समिती कायदा रद्द करून शेतीमालाचा व्यापार मोकळा करू, असं छापलं. २०२० साली केंद्रानं बाजार समितीबाहेरचा व्यापार मोकळा करणारा कायदा आणला, तेव्हा हाच पक्ष विरोधात उभा राहिला. अकाली दल जूनमध्ये वटहुकमाच्या वेळी सरकारात होता. सप्टेंबरात त्याच्या मंत्री हरसिमरत कौर बादल यांनी राजीनामा दिला. आणि कायदे मागं घेणार नाही म्हणणाऱ्या सरकारनं नोव्हेंबर २०२१ मध्ये ते मागं घेतले. ते कायदे बरे की वाईट, यावर महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांतही दोन मतं होती. आज तो वाद नको.

मत बदलणं हा काही गुन्हा नाही. २००२ साली बीटी कापूस आला, तेव्हा बोंडअळीचे फवारे कमी झाले. पुढं गुलाबी बोंडअळी त्याला दाद देईना. तेव्हा ज्यानं सल्ला बदलला, त्याला आपण फितूर म्हणत नाही. त्यानं बोंड फोडून आतली अळी दाखवली. पुढाऱ्यानं असं कुठलं बोंड फोडून दाखवलं? बाक बदलला की मत बदललं. कारण सांगायची गरजसुद्धा वाटली नाही.

आता गाणाऱ्यांकडं येऊ. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज खंजिरीवर भजन म्हणत. १९४२ साली चिमूरच्या उठावानंतर इंग्रजांनी त्यांना नागपूर-रायपूरच्या तुरुंगात टाकलं. नुसत्या भजनाला कुणी तुरुंगात टाकत नाही. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारलं. संयुक्त महाराष्ट्राचा लढा त्यांनी डफावर गावोगाव नेला. गाणाऱ्यानं राजकारण बोलू नये, हा नियम तेव्हा पाळला असता, तर तो लढा खेड्यात कुणी पोचवला असता?

दिल्लीच्या सीमेवरचं आंदोलन आठवा. पंजाबचे गायक कंवर ग्रेवाल, हर्फ चीमा तिथं शेतकऱ्यांत जाऊन गायले. फेब्रुवारी २०२१ मध्ये ग्रेवाल यांचं ‘ऐलान’ हे गाणं यूट्यूबवरून भारतात काढून टाकलं गेलं. त्याच महिन्याच्या २ तारखेला रिहाना या परदेशी गायिकेनं आंदोलनावर एक ओळ लिहिली. दुसऱ्या दिवशी परराष्ट्र खात्यानं पत्रक काढलं. पाठोपाठ लता मंगेशकरांसह अनेक नामवंतांनी सरकारच्या बाजूनं एकजुटीचे संदेश दिले. रिहानाला ‘तू गा, बोलू नको’ म्हणणाऱ्यांना लतादीदींचं बोलणं चाललं. आणि रिहानाच्या बोलण्यावर टाळ्या वाजवणाऱ्यांनी लतादीदींना ‘तुम्ही गप्प बसा’ म्हटलं. म्हणजे गाणाऱ्यानं गप्प बसावं असं कुणालाच वाटत नाही. दुसऱ्याच्या गाणाऱ्यानं गप्प बसावं, एवढंच वाटतं!

माझं म्हणणं सरळ आहे. गाणारासुद्धा भाकरी खातो, भाव पडला की त्याच्या घरातही ओढाताण होते. त्याला बोलण्याचा हक्क आहे, लतादीदींना होता आणि ग्रेवालांनाही आहे. पण गोड गळा म्हणजे खरा हिशेब नव्हे. निवडणुकीत गाणी भाड्यानं मिळतात. म्हणून गाणाऱ्याला दोन प्रश्न विचारा. बिदागी कुणाची? आणि या गाण्यापायी तुझं काय गेलं? हेच दोन प्रश्न पुढाऱ्यालाही विचारा.

पुढाऱ्याला गाण्याची भीती का वाटते? त्याचं भाषण आपण आठ दिवसांत विसरतो. गाणं मात्र निंदणीच्या बाया वर्षानुवर्षं म्हणतात. ज्याला उद्या फिरायचं आहे, त्याला लोकांची आठवण नको असते.

तेव्हा दोन कामं करायची. प्रत्येक गावानं एक वही घालावी. कापूस आणि ज्वारीच्या भावाबद्दल कोण, कधी, काय बोलला, ते तारखेसह लिहावं. मत बदललं असेल तर सांगितलेलं कारणही लिहावं, नसेल तर जागा कोरी सोडावी. आणि कलापथकानं त्या वहीतून गाणी बांधावीत. आकडा चुकता कामा नये. गाणं बसवण्याआधी हिशेब माझ्याकडं आणा, क्विंटलचा खर्च आपण मिळून मांडू. पुढच्या तालुका बैठकीला वही घेऊनच या.