दापोली ते गणपतीपुळे, सायकलवरून

कोकण किनाऱ्यावरच्या सायकल सहलीत दापोली ते गणपतीपुळे हा टप्पा मला सर्वांत सुंदर वाटतो आणि तितकाच दमवणाराही. पहाटे निघून दाभोळला उतरायचं, फेरीबोटीत सायकली चढवून वाशिष्ठीची खाडी ओलांडायची, की समोर धोपावे. पुढे गुहागर, हेदवी, तवसाळ. मग शास्त्री नदीवर दुसरी फेरीबोट आणि जयगड.

इथं अंतरापेक्षा चढ जास्त दमवतात. खाडी समुद्रसपाटीला, गावांना जोडणारा रस्ता मात्र वरच्या कातळसड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर. त्यामुळे प्रत्येक खाडीनंतर चढ ठरलेलाच. गिअर चढाच्या आधीच हलका करावा. जोर लावून बदलला की साखळी निसटते. उतारावर ब्रेक सतत दाबून न ठेवता थांबून थांबून लावावेत.

सड्यावर सावली जवळजवळ नाहीच, म्हणून दुपारचं ऊन सुरू होण्याआधी गुहागर गाठावं. पाण्याबरोबर मीठही हवं. मीठ घातलेलं कोकम सरबत उत्तम. समोरून वारा असेल तर एकामागे एक चालवावं आणि पुढच्यानं थोड्या वेळानं मागे यावं. मागच्यांचे कष्ट खरोखर कमी होतात. खड्डा दिसला की पुढच्यानं हातानं खूण करावी.

आणि फेरीबोटीची वेळ गटातल्या सर्वांत सावकाश चालवणाऱ्याच्या वेगावरूनच ठरवा.