कॅसिनोतली पंगत

‘कॅसिनो’ हा शब्द ऐकून कोणी मोबाइलचा आवाज बारीक केला असेल तर खुशाल वाढवा. आज आपल्याला पत्त्यांवर बोलायचं नाही, ताटावर बोलायचंय. मी मराठी पर्यटकांचे गट घेऊन पूर्व आशियात फिरतो. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, कुठून कुठून मंडळी येतात. हाँगकाँगहून एक दिवस माकाऊला जायचं ठरलं की बसमध्ये हमखास एक प्रश्न येतो : ‘तिथे कॅसिनोशिवाय काय आहे?’ माझं उत्तर असतं, जेवण आहे. आणि त्यातलं पुष्कळसं चांगलं जेवण कॅसिनोच्याच आत आहे.

हे असं का, ते थोडक्यात सांगतो. माकाऊ २० डिसेंबर १९९९ पर्यंत पोर्तुगालकडे होतं. १९६२ पासून तिथला जुगाराचा मक्ता स्टॅन्ली हो यांच्या कंपनीकडे होता. तो एकाधिकार २००२ मध्ये संपला, २००४ मध्ये अमेरिकी पैशाचा पहिला मोठा कॅसिनो उघडला आणि २००६ मध्ये माकाऊची जुगाराची कमाई लास वेगासच्या मुख्य रस्त्याच्या पुढे गेली. एवढा पैसा आला की मोठे आचारी मागोमाग येतातच. ग्रँड लिस्बोआमधल्या ‘द एट’ या कँटोनीज रेस्टॉरंटला बरीच वर्षं मिशेलिनचे तीन स्टार होते. नंतर सिटी ऑफ ड्रीम्समधलं ‘जेड ड्रॅगन’ त्या पंक्तीत बसलं. २०१७ मध्ये युनेस्कोने माकाऊला खाद्यसंस्कृतीचं सर्जनशील शहर म्हटलं. हे सगळं शेजारच्या हिरव्या टेबलांच्या जिवावर चाललेलं आहे, हे विसरायचं मात्र नाही. त्याकडे मी येतोच.

आता ‘द एट’ हे नाव बघा. आठ. कँटोनीजमध्ये आठचा उच्चार ‘भरभराट होणे’ या अर्थाच्या शब्दाच्या जवळ जातो, म्हणून आत जिकडेतिकडे आठाचा आकडा आणि सोनमासे. चारचा उच्चार मरणासारखा, म्हणून पुष्कळ इमारतींच्या लिफ्टमध्ये चौथा मजलाच नसतो. आपल्याकडचे लोक यावर हसतात. मी त्यांना विचारतो, घरी पानात तीन पोळ्या एकदम वाढता का? मग हसू जरा आवरतं.

मला खरी मौज वाटते ती मेन्यूतल्या शब्दांची. कँटोनीजमध्ये जिभेसाठी जो मूळ शब्द आहे, तो धंद्यातल्या ‘तोट्या’सारखा ऐकू येतो. म्हणून व्यापाऱ्यांनी डुकराच्या जिभेला वेगळंच नाव दिलं, ‘नफ्या’शी जुळणारं. काळजाच्या शब्दातलं ‘कोरडं’ ऐकू येऊ नये म्हणून तोही बदलला. पुस्तकाचा उच्चार ‘हरणे’सारखा, म्हणून जुगाराला निघालेल्या माणसाला कोणी हातात पुस्तक घेऊन समोर आलेलं खपत नाही. हे मी सांगितलं तेव्हा बेळगावच्या एक काकू पटकन म्हणाल्या, ‘अहो, मग आपण तरी दुकान बंद केलं म्हणतो का? दुकान वाढवलं म्हणतो. बांगडी फुटत नाही, वाढते. तांदूळसुद्धा संपत नाहीत, वाढतात.’ मी इतकी वर्षं हे शब्द वापरतोय, पण ती जोडी काकूंनी लावून दिली. तेव्हापासून प्रत्येक गटाला सांगतो.

बरं, प्रत्यक्ष जेवायचं कसं? पहिली गोष्ट, दुपारी जा. डिमसम हा मुळात सकाळ-दुपारचा प्रकार आहे, आणि मोठ्या रेस्टॉरंटांत दुपारचं बिल रात्रीच्या मानाने बरंच सुसह्य असतं. दुसरी गोष्ट, रेस्टॉरंट कॅसिनोच्या इमारतीत असलं तरी सहसा खेळाच्या मजल्याबाहेर असतं. खेळाच्या मजल्यावर २१ वर्षांखालच्यांना मज्जाव आहे, पण नातवंडांना घेऊन जेवायला बसता येतं. ‘द एट’मध्ये सोनमाशाच्या आकाराची कोळंबीची मोमोसारखी पुडी येते, आणि साळिंदरासारखा काटे काढलेला बाव. मुलं ते खायला तयारच होत नाहीत, आधी फोटो.

चहा मात्र आधी येतो. कँटोनीजमध्ये डिमसमला जाण्याला ‘चहा प्यायला जाणं’च म्हणतात. शेजाऱ्याने तुमच्या कपात चहा ओतला की टेबलावर दोन बोटं हलकेच ठोकायची, हे आभार. वेष बदलून हिंडणाऱ्या छ्येनलुंग बादशहाला त्याच्या माणसांनी बोटांनीच दंडवत घातला, अशी त्यामागची गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो नसो, बोलण्यात खंड न पाडता आभार मानायची ही रीत फार सोयीची आहे. किटलीतला चहा संपला तर हाक मारायची नाही, झाकण तिरकं करून ठेवायचं. आणि चॉपस्टिक भातात उभ्या खोचायच्या नाहीत. मेलेल्या माणसासमोर उदबत्त्या तशा लावतात. पिंडाच्या भाताशी आपण कसे जपून वागतो, तसंच.

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना. नुसत्या ‘व्हेजिटेबल’ या शब्दावर विसंबू नका. हिरव्या पालेभाजीवर ऑयस्टर सॉस असतो, टोफूच्या रश्शात कोंबडीचं पाणी असतं, आणि वाढणाऱ्याला त्यात काही चुकलंय असं वाटत नाही. बौद्ध मठांतलं शाकाहारी जेवण हवं, असं स्पष्ट सांगा. त्या परंपरेत कांदा-लसूणही चालत नाही. चांगल्या स्वयंपाकघराला आधी सांगितलं तर ते मनापासून करतात.

मला स्वतःला विचाराल तर या तारांकित जागांपेक्षा खेळाच्या मजल्याला लागून असलेली नूडल्सची छोटी दुकानं जास्त आवडतात. लास वेगासमध्येही ती आहेत. बेलाजिओतल्या एकाचं तर नावच ‘नूडल्स’. आशियाई खेळाडू बाकारात खेळतो, त्याला पहाटे तीन वाजता स्टेक नको असतो, गरम सूप हवं असतं, हे तिथल्या मालकांनी ओळखलं. अशा ठिकाणी काँजी मिळते. तांदूळ फुटून एकजीव होईपर्यंत शिजवलेली पेज, वर आल्याचे बारीक काप आणि कांद्याची पात. इंदूरच्या एका काकांचं पोट बिघडलं होतं, त्यांना मी ती मागवून दिली. दोन चमचे घेऊन म्हणाले, ‘ही तर आईची पेज. मेतकूट तेवढं राहिलं.’ काकांना मग सांगितलं की ‘काँजी’ हा शब्दच मुळात तमिळ ‘कंजी’वरून आलाय.

आता शेजारच्या टेबलांकडे येऊ.

एका फेरीत बडोद्याकडचं एक जोडपं होतं. नावं सांगत नाही, कॅसिनोचंही नाही. दुपारी गट पाहायला गेला तेव्हा यजमान तीन तास खेळत बसले. परत आले ते खुशीत. कार्डावर गुण जमा झाले होते आणि त्यावर दोघांना नूडल्सचं जेवण मिळालं होतं. ‘फुकट मिळालं, चल,’ म्हणाले. वहिनींनी विचारलं, ‘अहो, फुकट म्हणजे कितीला पडलं?’

मी तेव्हा गप्प होतो. पण तो हिशेब मांडण्यासारखा आहे. बाकारातमध्ये सर्वसाधारण पैजेवर कॅसिनोचा वाटा सव्वा टक्क्याच्या आतबाहेर असतो : ‘बँकर’वर सुमारे १.०६ टक्के, ‘प्लेअर’वर १.२४. वाचायला किती किरकोळ! पण डाव भराभर होतात. समजा तासाला ६० डाव आणि दर डावाला ३०० हाँगकाँग डॉलर लावले. तासाला १८,००० डॉलर टेबलावरून फिरले, तीन तासांत ५४,०००. त्याचे १.२ टक्के म्हणजे ६४८ डॉलर. कॅसिनोचं यंत्र असाच हिशेब करतं : सरासरी पैज, डावांची संख्या, बसलेले तास, स्वतःचा वाटा. तुम्ही प्रत्यक्ष जिंकलात की हरलात यापेक्षा तुम्ही किती गमवाल ही अपेक्षा धरून, तिचा काही भाग तुम्हाला जेवण, खोली, बोटीचं तिकीट या रूपात परत देतात. पाव हिस्सा धरला तर १६२ डॉलर. दोन वाट्या नूडल्स आणि चहा.

आणि ६४८ ही झाली सरासरी. एका माणसाच्या एका दुपारी ती लागू पडेलच असं नाही. त्या गृहस्थांचं त्याहून कितीतरी जास्त गेलं होतं, आणि त्या खात्यात मुलीच्या वसतिगृहाची फी होती, हे मला परतीच्या विमानात वहिनींकडून कळलं. जेवताना ते दोघं अगदी समोरासमोर होते. सूप उत्तम होतं, ताज्या ओढलेल्या शेवयांचं. वहिनींनी वाटी संपवली. त्यांची तशीच राहिली.

खुद्द माकाऊचं सरकार आपल्या नोकरांना खेळाच्या मजल्यावर जाऊ देत नाही. चिनी नववर्षाचे पहिले तीन दिवस तेवढी सूट असते. २०१९ च्या अखेरीपासून कॅसिनोत काम करणाऱ्यांनाही सुट्टीच्या वेळात तिथे बंदी आहे. म्हणजे पत्ते वाटणाऱ्या मुलीला संध्याकाळी त्या टेबलावर बसता येत नाही. आपल्या गोव्यातही २०२० पासून गोवेकरांना कॅसिनोत प्रवेश नाही, मांडवीतल्या त्या दिव्यांच्या बोटी बाहेरच्यांसाठी. तिथे प्रवेशाच्या तिकिटातच बुफे धरलेला असतो, आणि पुण्या-कोल्हापूरची पोरं ‘जेवणाचे पैसे तरी वसूल’ म्हणत जातात. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अमलात आणलाच नाही, आणि २०२३ मध्ये रद्दही केला.

मी माझ्या गटाला एकच नियम घालतो : कार्ड काढायचं नाही. जेवायचं असेल तर रोख पैसे देऊन जेवायचं, बिल वाचायचं, बाहेर पडायचं. महाग वाटलं तरी त्या दुपारची किंमत कागदावर छापलेली असते.

गोव्याचा विषय निघालाच आहे, तर बाहेर पडल्यावर काय खायचं तेही सांगतो. १८४४ पर्यंत माकाऊचा कारभार गोव्याच्या हाताखाली होता, आणि स्वयंपाकघरात तो धागा अजून आहे. आपण ज्याला बालचांव म्हणतो, त्याचा भाऊबंद तिथे ‘बालिशाऊं’ या नावाने भेटतो : मीठ लावून आंबवलेला बारीक जवळा. बस सुटायला अर्धा तास असेल तर ‘सेरादुरा’ मागा. ग्लासात फेटलेल्या सायीचा एक थर, मारी बिस्किटांच्या चुऱ्याचा एक थर. पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ लाकडाचा भुसा. पणजीतही तो याच नावाने मिळतो.