जुन्या अॅम्प्लिफायरचे धनी काय सांगतात?

आपल्या ताकाला आंबट कोण म्हणेल, ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली त्याला बाजाराचें मर्म ठाऊक असलें पाहिजे. ज्याची वस्तु त्याला ती गोड. आणि ती स्वस्तांत पदरीं पडलेली असली, तर तिची गोडी आणखीच वाढते. म्हणून जुनी वस्तु घेऊं पाहणारा शहाणा माणूस विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबून न राहतां तसलीच वस्तु वापरणाऱ्या इतर धन्यांकडे चौकशी करितो. गाय घ्यावयाची असो, घर घ्यावयाचें असो, किंवा संगीत ऐकण्याचें यंत्र घ्यावयाचें असो, रीत हीच. परंतु ह्या रीतींतहि एक खोंच आहे. इतर धनी झाले तरी तेहि धनीच. त्यांचें ताक तरी आंबट कसें असेल? तेव्हां त्यांच्या बोलण्यांतील कोणता भाग पदरांत घ्यावा व कोणता वाऱ्यावर सोडावा, हा प्रश्न उरतोच. त्याचा विचार एका प्रसिद्ध यंत्राच्या उदाहरणानें करण्यासारखा आहे.

तें यंत्र म्हणजे अमेरिकेंतील अॅडकॉम कंपनीचा 'जी. एफ्. ए. ५५५' हा स्टिरिओ पॉवर अॅम्प्लिफायर. तबकडी वाजविण्याच्या यंत्रापासून किंवा रेडिओपासून निघणारा विजेचा संदेश अगदीं क्षीण असतो. त्याला बळ देऊन स्पीकरचा पडदा हालविण्याइतका समर्थ करणें, हें पॉवर अॅम्प्लिफायरचें काम. हा अॅम्प्लिफायर १९८५ सालीं बाजारांत आला. नेल्सन पास ह्या नामवंत अमेरिकन रचनाकाराकडे त्याच्या आराखड्याचें श्रेय जातें. ८ ओहमच्या स्पीकरला प्रत्येक बाजूस २०० वॅट आणि ४ ओहमच्या स्पीकरला ३२५ वॅट, अशी त्याची नोंदलेली शक्ति. नवा असतांना त्याची किंमत सुमारें ६०० डॉलर होती. तेवढ्याच शक्तीच्या दुसऱ्या नांवाजलेल्या अॅम्प्लिफायरांना त्याच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागत. रूप म्हणावें तर कांहीं नाहीं. काळी जड पेटी, पुढें चालू-बंद करण्याचा खटका व इशाऱ्याचे लहान दिवे, मागें उष्णता बाहेर टाकणारे धातूचे पंखे. पुढें त्याची दुसरी आवृत्ति निघाली आणि मूळच्या यंत्राचें उत्पादन थांबलें. परंतु जुन्या बाजारांत तें अजूनहि कांहीं शें डॉलरांत मिळतें, आणि त्याचे चाहते कमी झालेले नाहींत.

येथें वॅटचा आंकडा किती खरा, ही शंका रास्त आहे. १९७० च्या सुमारास अमेरिकेंत अॅम्प्लिफायर विकणारे क्षणभर मिळणारी शक्ति मोजून तिचाच डंका पिटीत. ह्या प्रकाराला आळा घालण्यासाठीं तेथील फेडरल ट्रेड कमिशननें १९७४ सालीं नियम केला. यंत्र प्रथम एक तास तृतीयांश शक्तीवर तापवावें, आणि मग दोन्ही बाजू एकाच वेळीं चालवून जी शक्ति सतत मिळेल तीच जाहीर करावी, असा त्या नियमाचा आशय होता. त्या परीक्षेंत टिकण्यासाठीं धातूचे मोठे पंखे व भक्कम ट्रान्सफॉर्मर वापरणें भाग पडे. त्यामुळें त्या काळांतील ह्या जातीच्या यंत्रांवरील आंकडा बहुधा प्रामाणिक असतो. जुन्या यंत्रांकडे लोक वळतात ह्याचें हें एक सयुक्तिक कारण आहे.

परंतु एवढी शक्ति हवी कशाला? घरगुती स्पीकरला १ वॅट दिला, तर १ मीटर अंतरावर साधारणतः ८७ डेसिबेल आवाज होतो, आणि तो लहान खोलीला पुरेसा मोठा असतो. म्हणजे बहुतेक वेळ २०० वॅटांपैकीं १९९ वॅट निजलेलेच असतात. मात्र संगीत एका पातळीवर चालत नाहीं. संथ आलापी चालली असतां पखवाजावर एकदम थाप पडते, किंवा मोठ्या वाद्यवृंदांत सर्व वाद्यें एकाच क्षणीं उसळतात. अशा वेळीं आवाज सरासरीहून २० डेसिबेल वर गेला, तर त्या क्षणापुरती शंभरपट शक्ति लागते. १ वॅटाचे १०० वॅट होतात. अॅम्प्लिफायरपाशीं तेवढें बळ नसेल, तर लाटेचा माथा कापला जातो आणि आवाज फाटतो. शक्तिमान् अॅम्प्लिफायरचा उपयोग आवाज सतत मोठा ठेवण्यासाठीं नसून अशा क्षणांच्या सोयीसाठीं आहे. त्याचबरोबर हेंहि ध्यानांत ठेवावें, कीं शक्ति दुप्पट केल्यानें आवाज दुप्पट होत नाहीं. तो केवळ ३ डेसिबेल वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटावयाचा, तर शक्ति सुमारें दसपट व्हावी लागते. ज्याच्यापाशीं चांगला १०० वॅटांचा अॅम्प्लिफायर आहे, त्यानें २०० वॅटांसाठीं जीव टाकण्याचें कारण नाहीं.

आतां धन्यांचीं मतें पाहावीं. त्यांत एक सूर फार मोठा आहे. यंत्र दमत नाहीं. कमी ओहमचे, हट्टी स्पीकरहि तें सहज हांकतें. खर्जाचे स्वर घट्ट व नेमके येतात. आणि वर्षानुवर्षें तक्रार न करितां तें चालतें. दुसरा सूर त्यामानानें बारीक, पण निश्चित आहे. वरच्या पट्टींतील स्वर थोडे कोरडे वाटतात, गायकाच्या आवाजांतील गोलाई कमी पडते, आणि वाद्यें एकामागें एक उभीं असल्याचा जो खोलीचा भास महाग यंत्रांत होतो तो येथें होत नाहीं, असें हे लोक म्हणतात. पहिला पक्ष ह्यावर उत्तर देतो, कीं ह्या किंमतींत दुसरें काय मिळणार? आणि दुसरा पक्ष म्हणतो, कीं स्वस्त म्हणून कानांना फसवूं नये.

ह्या वादाचा निकाल मतांची मोजदाद करून लागत नाहीं. कारण हीं मतें दोन जातींचीं आहेत. यंत्र हट्टी स्पीकरांना हांकतें कीं नाहीं, हें मापून पाहतां येतें. गोलाई आणि खोली ह्यांची गोष्ट निराळी. अमेरिकेंतील 'स्टिरिओ रिव्ह्यू' ह्या मासिकानें १९८७ च्या जानेवारींत एक चाचणी प्रसिद्ध केली. तींत स्वस्त व अतिशय महाग असे निरनिराळे अॅम्प्लिफायर घेऊन त्यांचा आवाज काटेकोरपणें एका पातळीवर आणला, आणि कोणतें यंत्र चालू आहे हें ऐकणारांना कळूं दिलें नाहीं. तेव्हां, एरवीं ठाम बोलणाऱ्या श्रोत्यांनाहि यंत्रें खात्रीनें ओळखतां आलीं नाहींत. पुढें १९९४ सालीं फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह ह्यांनीं स्पीकरांवर असाच प्रयोग केला. स्पीकर दिसत असतांना आणि तो पडद्याआड असतांना, त्याच माणसांनीं दिलेल्या गुणांत फरक पडला. कानाबरोबर डोळा, खिसा आणि नांवलौकिक हेहि ऐकत असतात, असाच ह्याचा अर्थ.

ह्यावरून कोरडेपणाची तक्रार खोटीच, असें मात्र ठरत नाहीं. अशा चाचण्यांत थोडा वेळ ऐकून सूक्ष्म फरक कळत नाहींत, असा आक्षेप कित्येक जाणकार घेतात. शिवाय चाचणींतील यंत्रें निरोगी होतीं. चाळीस वर्षें तापून निघालेलें यंत्र तसें असेलच असें नाहीं. धन्याला जो दोष रचनेचा वाटतो, तो पुष्कळदां वार्धक्याचा असूं शकतो. आणखीहि एक गोष्ट विसरूं नये. ज्यांचें यंत्र जळालें त्यांनीं तें केव्हांच काढून टाकलें. आज बोलत आहेत ते बहुधा ज्यांचें यंत्र टिकलें ते. त्यामुळें टिकाऊपणाची वाहवा ऐकतांना गप्प बसलेल्यांचीहि आठवण ठेवावी.

मग धन्याला विचारावें तरी काय? जें त्यानें पाहिलें, हाताळलें आणि ज्यासाठीं पैसे मोजले, तें विचारावें. यंत्र तासाभरानें किती तापतें? दोन्ही बाजू सारख्या तापतात कीं एक अधिक? संगीत बंद असतांना स्पीकरमधून गुणगुण येते काय? चालू करितांना धक्क्याचा आवाज होतो काय? खटका कधीं बदलावा लागला? कोणता भाग जळाला, तो केव्हां व कशानें बदलला? ह्या प्रश्नांचीं उत्तरें देतांना धन्याची प्रीति फारशी आड येत नाहीं. 'आवाज कसा आहे' ह्या एका प्रश्नापेक्षां हे सहा प्रश्न घेणाराच्या अधिक उपयोगी पडतात.

ते उपयोगी कां, हें यंत्राच्या पोटांत पाहिल्यावर कळतें. अॅम्प्लिफायरमध्यें जे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर असतात त्यांच्या आंत एक ओलसर द्रव असतो. उष्णतेनें व काळानें तो सुकतो, तेव्हां विजेचा सांठा करण्याची त्यांची शक्ति घटते आणि गुणगुण सुरू होते. कधीं द्रव गळतो आणि खालच्या पट्टीवरील तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. ट्रान्झिस्टर व धातूचे पंखे ह्यांच्यामधील लेप वाळतो, सोल्डरचे सांधे तडकतात, खटक्याचीं टोकें काळवंडतात. ह्यांतील बहुतेक दोष दुरुस्त होण्यासारखे आहेत. खरा धोका निराळा आहे. ८ ओहमच्या स्पीकरला २०० वॅट द्यावयाचे, म्हणजे त्याच्या टोकांशीं ४० व्होल्ट आणि लाटेच्या शिखरावर ५६ व्होल्टांहून अधिक दाब लागतो. यंत्राच्या आंतील पुरवठा त्याहूनहि वरचा असावा लागतो. शेवटच्या पायरीवरील ट्रान्झिस्टर फुटून आरपार जोडला गेला, तर हा सगळा दाब एकाच दिशेनें स्पीकरवर येतो. स्पीकरमधील वेटोळ्याचा विरोध ६ ओहम आणि दाब ६० व्होल्ट धरला, तरी त्या बारीक तारेंत ६०० वॅट उष्णता उत्पन्न होते. मध्यें फ्यूज किंवा संरक्षणाची दुसरी सोय वेळेवर तुटली नाहीं, तर कांहीं क्षणांत तार जळते. स्वस्तांत घेतलेला अॅम्प्लिफायर महाग स्पीकरचा बळी घेतो तो असा.

म्हणून घेणारानें जाणत्या कारागिराला बरोबर घ्यावें. तो प्रथम यंत्राच्या वाटेंत सिरीज दिवा लावतो. दिवा लखलखीत पेटून तसाच राहिला, तर आंत कोठें तरी वीज वाट चुकली आहे हें उघड होतें, आणि यंत्राची आणखी हानि टळते. मग स्पीकर न जोडतां तो टोकांवरील एकदिश दाब मोजतो. तो शून्याच्या जवळ, कांहीं थोड्या मिलिव्होल्टांत असावा; ५० मिलिव्होल्टांच्या वर गेला तर कारण शोधणें बरें. नंतर दोन्ही बाजूंचा स्वस्थ स्थितींतील प्रवाह तपासून यंत्र तासभर चालूं द्यावें, आणि पहिलें संगीत ज्याचा जीव गेला तरी हळहळ वाटणार नाहीं अशा साध्या स्पीकरवर ऐकावें.

भारतांत हें यंत्र आणूं इच्छिणाराला आणखी एक हिशोब करावा लागतो. अमेरिकेंतून परतणारीं मराठी कुटुंबें असें एखादें यंत्र हौसेनें सामानांत आणतात. तें १२० व्होल्ट व ६० आवर्तनांच्या विजेसाठीं घडविलेलें असेल, तर येथील २३० व्होल्टांवर सरळ जोडतांच जळेल. दाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि तो ह्या यंत्राची मोठी भूक भागविण्याइतका भक्कम हवा. तेवढ्यानेंहि काम संपत नाहीं. येथील विजेचीं आवर्तनें ५० आहेत. ६० साठीं रचलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावर तेवढ्याच दाबाला एकपंचमांश अधिक चुंबकीय भार पडतो. दाब १२० ऐवजीं ११० व्होल्ट ठेवला, तर तो भार बराच उतरतो; तरी यंत्र थोडें अधिक तापेल व गुणगुणेल ही शक्यता राहतेच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत सुटे भाग मिळतात. तेथें जाण्यापूर्वीं ट्रान्सफॉर्मर, कंडेन्सर आणि कारागिराची मजुरी हीं मूळ किंमतींत मिळवावीं. ती बेरीज करूनहि यंत्र स्वस्त राहिलें, तरच तें स्वस्त.

ही बेरीज पुष्कळदां यंत्राच्या बाजूनेंच उतरते. प्रामाणिक आंकडा, मापांत भरलेलें लोखंड व तांबें, आणि दुरुस्त होऊं शकणारी साधी रचना, ह्या गोष्टी आजच्या अनेक हलक्या यंत्रांत आढळत नाहींत. ज्याचे स्पीकर हट्टी आहेत, खोली मोठी आहे आणि खिसा बेताचा आहे, त्याला असा अॅम्प्लिफायर उरलेल्या आयुष्यभर पुरेल. मात्र त्यानें धन्यांना ताक आंबट आहे काय, असें विचारूं नये. तें कधीं घुसळलें, कोणत्या भांड्यांत ठेवलें आणि त्या भांड्याला कल्हई केव्हां केली, एवढें विचारावें. चव ज्याची त्यानें घ्यावी.