हत्यार कुणाच्या मालकीचे?

(भाजे येथील व्याख्यानाचा मजकूर)



येथील चैत्यगृहाच्या दगडी छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अद्यापि आहेत. त्या डोंगरात राबलेल्या पाथरवटांच्या छिन्नीच्या खुणाही आहेत. छिन्नी बोथट झाली की लोहाराकडून शेवटून आणावी, हातास हवी तशी करून घ्यावी, एवढा अधिकार कारागिराचा असतो. मळवलीला लोकल पकडून पुण्याकडे जाणाऱ्या, संगणकाच्या आज्ञावली लिहून पोट भरणाऱ्या तरुणास तो आहे काय?

त्याची हत्यारे मुख्यतः दोन जातींची. व्हिम, ईमॅक्स हे एडिटर मुळात मजकूर लिहिण्या-बदलण्यासाठी. जुन्या यंत्रावरही चालतात, परंतु हात बसण्यास वेळ लागतो. एक्लिप्स किंवा इंटेलिजे म्हणजे एका छपराखालचा कारखानाच. लिहिणे, चालवून पाहणे, चूक हुडकणे सारे तेथेच, मात्र यंत्र दमदार हवे. मुदतीत काम पुरे करून वेतन घेणाऱ्याने दुसरा मार्ग पत्करला तर त्यास नावे ठेवण्यात अर्थ नाही. सोयीगैरसोयीची ही चर्चा तरुण मंडळी हिरिरीने करतात. मालकीचा प्रश्न तीत क्वचितच येतो.

२०१५ साली मायक्रोसॉफ्टने व्हीएस कोड फुकट दिला. त्याची मूळ आज्ञावली खुली आहे. परंतु कंपनी जे तयार रूप वाटते त्याचा परवाना निराळा, बंदिस्त आहे, आणि पूरक जोडण्यांची तिची बाजारपेठ तिच्याच उत्पादनांपुरती राखीव आहे. छिन्नी फुकट, धार लावण्याचे दुकान मात्र मालकाचे!

हाच व्हीएस कोड ज्या इलेक्ट्रॉन नामक चौकटीवर उभा आहे, ती गिटहबच्या ॲटम या एडिटरसाठी घडविली गेली होती. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने गिटहब विकत घेतली. २०२२च्या डिसेंबरात ॲटम बंद करण्यात आला. एका मालकास दोन हत्यारे कशास हवीत? तथापि आज्ञावली खुली असल्याने वापरणाऱ्यांनीच ती उचलून ‘पल्सर’ या नावाने पुढे चालविली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५मध्ये ग्नू ईमॅक्स दिला तो नेमक्या याच हक्काच्या आग्रहाने.

व्हिमचे कर्ते ब्रॅम मूलेनार यांनी १९९१पासून ते फुकट वाटले आणि वापरणाऱ्यांस युगांडातील गरजू मुलांसाठी मदत करण्याची विनंती केली. २०२३मध्ये ते निवर्तले. व्हिमचे काम इतर स्वयंसेवकांनी चालू ठेवले आहे.