पाठीतली गाठ आणि भिंतीवरचा चेंडू

मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास विड्या वळणाऱ्या सोलापूरच्या बायकांची मान-पाठ भरून येते. शहरातल्याच जुळे सोलापूर भागात संगणकापुढे बसणाऱ्यांचीही तीच तक्रार. आपल्या स्नायूंवर फॅशिया नावाचं पातळ, चिवट आवरण असतं, संत्र्याच्या फोडीवरच्या पापुद्र्यासारखं. आखडलेलं अंग मोकळं करायला त्या आवरणावर हळुवार, स्थिर दाब देणं म्हणजे मायोफॅशियल रिलीज. घरी टेनिसचा चेंडू पाठ आणि भिंतीच्या मध्ये धरा, दुखऱ्या जागी साधारण दीड मिनिट टेकून राहा. मणक्यावर मात्र अजिबात नको! श्वास रोखू नका. अंग मोकळं होतं, पण थोडाच वेळ. म्हणून लगेच ताणाचे व्यायाम करा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, हाडं ठिसूळ असतील, तर आधी फिजिओथेरपिस्टला विचारा. आणि हाताला मुंग्या येत असतील, तर चेंडू बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडे जा.