बाजारात तुरी!



अमेरिकेत अध्यक्षपदाची एक निवडणूक आटोपते न आटोपते तोच पुढच्या निवडणुकीची भाकिते सुरू होतात. उमेदवार ठरलेला नसतो, पण विजेता मात्र मुक्रर! २००७ साली हिलरी क्लिंटन आणि रूडी जुलियानी यांच्यातच लढत होणार, असा घोष चालला होता. २००८ मध्ये दोघांपैकी एकालाही पक्षाने उमेदवारी दिली नाही.

हे हसण्यावारी नेता येईल. १९९१ ची गोष्ट मात्र आम्हांस गंभीर वाटते. आखाती युद्ध जिंकून थोरले जॉर्ज बुश कीर्तिशिखरावर होते. गॅलपच्या पाहणीत शेकडा ८९ लोकांनी त्यांचा कारभार पसंत केला. झाले! १९९२ ची निवडणूक म्हणजे केवळ उपचार, असे पंडितांनी ठरवून टाकले. या अटकळीने माणसे घरी बसविली. डेमॉक्रॅटिक पक्षाचे नामवंत धुरीण एकामागून एक मागे सरले. न्यूयॉर्कचे गव्हर्नर मारिओ कुओमो डिसेंबरपर्यंत तळ्यात-मळ्यात करीत राहिले आणि अखेर राज्याच्या अंदाजपत्रकाचे कारण सांगून बाजूस झाले. एकही मत पडण्यापूर्वी मतदारापुढील निवड अशी आखडली, ती कोणाच्या अधिकाराने?

पुढे मंदीने लोक गांजले, 'नवे कर नाहीत' हे बुश यांचे मोडलेले वचन त्यांना आठवू लागले. नोव्हेंबर १९९२ मध्ये निर्वाचकांची ३७० मते आर्कान्सासारख्या लहान राज्याचे गव्हर्नर बिल क्लिंटन यांना पडली. बुश यांना १६८. घरी बसलेल्यांपैकी कोणी उभा राहता तर काय होते, हे भाकीत आम्ही करीत नाही.